फळीखालची हवा

आमच्या भागात लाकूड डोक्यावर असतं आणि पायाखाली माती नाहीतर दगड. माळवदाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर किलचं, त्यावर काटक्यापाल्याचा थर आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचं ओझं. खाली सारवलेली जमीन. चार पैसे हाती आले की शहाबादी फरशी. नळदुर्गातल्या जुन्या वाड्यांत सागवान पुष्कळ होतं, पण त्यावर धावायची सोय नव्हती. माडीच्या तक्तपोशीवर पोरं पळाली की खालच्या खोलीत माती गळायची आणि खालून आवाज यायचा, “अरे, छत पाडता का?”

लाकडावर खेळण्याचं वेड मला लागलं ते चेंडूच्या आवाजामुळे. सिमेंटच्या कोर्टावर बास्केटबॉल आपटला की कोरडा, टणक आवाज येतो आणि तिथेच संपतो. लाकडी कोर्टावर तो खोल येतो, कारण फळीखाली पोकळी असते. ही पोकळी कशी बांधतात, कशासाठी ठेवतात आणि नळदुर्गासारख्या गावात, घराच्या आवारात, ती बांधता येईल का, या प्रश्नांच्या मागे मी बरीच वर्षं आहे. जुळवलेल्या कागदांचा ढीग बघितला तर त्यातला मोठा हिस्सा एका मराठी राजवाड्याकडे जातो, म्हणून या लेखाचा तोलही तिकडे झुकणार आहे.

बास्केटबॉलची जन्मकथा सगळ्यांना पाठ आहे. डिसेंबर १८९१, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड, डॉ. जेम्स नेस्मिथ, पीचच्या दोन टोपल्या, दहा फुटांची गॅलरी, तेरा नियम. त्यातली एकच गोष्ट इथे कामाची आहे. बाहेर बर्फ होतं म्हणून हा खेळ व्यायामशाळेत जन्मला, आणि तिथल्या व्यायामशाळांची जमीन लाकडी असायची. म्हणजे लाकूड हा या खेळाचा नंतर आलेला थाट नाही, ती त्याची मूळ जमीन आहे. चेंडू किती उसळावा, थांबताना पाय किती घसरावा, उडी मारून खाली येताना अंगाला किती हिसका बसावा, हे सगळं लाकडानं ठरवलेलं आहे.

स्प्रिंगफील्डची ती इमारत आज नाही. पॅरिसची आहे. रू द त्रेविझ या रस्त्यावर १४ क्रमांकाच्या वायएमसीए इमारतीच्या तळघरात २७ डिसेंबर १८९३ रोजी युरोपातला पहिला बास्केटबॉल सामना झाला. स्प्रिंगफील्डहून शिकून आलेला मेल्विन राइडआउट तिथे शिक्षक होता. त्या सामन्याची लाकडी जमीन अजून तिथेच आहे, आणि मूळ रूपात टिकलेलं जगातलं सगळ्यांत जुनं बास्केटबॉल कोर्ट म्हणून ती ओळखली जाते. छायाचित्रांत पाहिलं तर नवल वाटतं: खेळण्याच्या जागेतच लोखंडी खांब उभे आहेत, वरून धावपट्टीची गॅलरी फिरलेली आहे, आणि खाली लाकडाच्या लहान लहान पट्ट्या तिरप्या जुळवलेल्या. १२ जानेवारी २०१९ रोजी त्याच रस्त्यावर गॅसचा मोठा स्फोट झाला आणि इमारतीला तडाखा बसला, तरी जमीन शाबूत राहिली. सव्वाशे वर्षं टिकलेलं लाकूड आपल्याकडेही पुष्कळ आहे. सव्वाशे वर्षं टिकलेलं लाकडी मैदान मात्र विरळा.

भारतात हा खेळ वायएमसीएमार्फतच आला. हॅरी क्रो बक यांनी मद्रासला १९२० मध्ये शारीरिक शिक्षणाचं विद्यालय काढलं, १९३४ मध्ये दिल्लीत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पण येताना खेळाची जमीन बदलली. आपल्याकडे बर्फ नाही, मग छप्पर कशाला, आणि छप्पर नसेल तर लाकूड कसलं? बास्केटबॉल मातीवर आला, मुरमावर आला, पुढे सिमेंटवर स्थिरावला.

मुंबईचं नागपाडा या बदलाचं ठळक उदाहरण. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. हे तेच मिशन, ज्यानं १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ काढलं आणि ज्याचं एक ठाणं आमच्या शेजारच्या सोलापुरात होतं. मॅन्शार्ट यांनी नागपाड्याच्या दाट वस्तीत ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ उभं केलं, आणि आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून आपण जिला ओळखतो तिची सुरुवात १९३६ मध्ये तिथेच झाली. या वस्तीत बास्केटबॉल असा रुजला की देशाच्या संघाचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर इथूनच वर आले. उघड्या, टणक जमिनीवर वाढलेला हा बास्केटबॉल. त्याची थोरवी मला मान्य आहे आणि त्याच वेळी चुटपुटही लागते. सिमेंटवर वर्षानुवर्षं उड्या मारणाऱ्याचे गुडघे आणि नडग्या काय सोसतात, याचा हिशेब आपल्याकडे कुणी मांडलेला नाही. लाकडी कोर्ट म्हणजे श्रीमंतांचं चोचलं, असं जे आपण सहज म्हणून जातो, त्यात या गुडघ्यांचा विचार नसतो.

आता बडोदा.

घरच्या आवारात लाकडी जमिनीचं कोर्ट बांधणारं मराठी घराणं शोधायला निघालं की वाट गायकवाडांच्या दारात जाते. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात, मोतीबागेत, क्रिकेटच्या मैदानालगत सागवानी जमिनीचं बंदिस्त टेनिस कोर्ट आहे आणि बॅडमिंटनची कोर्टंही. भारतात बंदिस्त सागवानी टेनिस कोर्ट ही फार दुर्मीळ वस्तू. अखिल भारतीय दर्जाच्या बॅडमिंटन स्पर्धा इथे खेळल्या गेल्या आहेत. खेळ बास्केटबॉल नाही, पण प्रश्न तोच आहे: उन्हाळ्यात भाजणाऱ्या आणि पावसाळ्यात घामेजणाऱ्या मुलखात लाकूड पायाखाली घालून त्यावर चेंडू नाहीतर फूल खेळवायचं कसं?

राजवाड्याचं काम १८७८ मध्ये सुरू झालं. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. १८८१ मध्ये मँट गेले. आपली गणितं चुकली आहेत आणि इमारती कोसळणार, या धास्तीनं त्यांनी जीव दिला, असं सांगितलं जातं. कोल्हापूर आणि बडोदा, दोन्ही राजवाडे आज खडे उभे आहेत. पुढचं काम रॉबर्ट चिझम यांनी १८९० मध्ये पुरं केलं. मालक होते तिसरे सयाजीराव, १८६३ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मलेले आणि १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसलेले.

मला राजवाड्यापेक्षा त्याच शहरातली दुसरी एक जमीन जास्त खुणावते. राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी आपल्या मुसलमान उस्तादांचं नाव देऊन चालवलेलं जुम्मादादा व्यायाम मंदिर बडोद्यातलंच. पुढे लोणावळ्याला कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद, तेव्हाचे जगन्नाथ गणेश गुणे, माणिकरावांकडेच व्यायाम शिकले. आणि याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार या माणसानं मराठीत ‘व्यायाम ज्ञानकोश’ संपादित केला. १९३६ पासून पुढे एकूण दहा खंड. कुस्ती, मल्लखांब, लाठी, दंड-बैठका, खेळ, सगळं एका हाताखाली, चित्रांसह. पुढे १९५० मध्ये त्याचं एका खंडातलं इंग्रजी रूप निघालं. परदेशी अभ्यासक आजही त्या इंग्रजी पुस्तकाचा आधार घेतात. अमेरिकेचे जोसेफ ऑल्टर यांनी उत्तर भारतातल्या पैलवानांवर १९९२ साली लिहिलेल्या गाजलेल्या ग्रंथात मुजुमदार आहेत. आणि मूळ मराठी दहा खंड? जुन्या ग्रंथालयांच्या वरच्या फडताळात. ज्या भाषेत व्यायामावर दहा खंडांचा कोश निघाला, त्या भाषेत आज मैदान कसं बांधावं याचं साधं पुस्तक मिळत नाही, याचा मला मनापासून राग येतो. मुजुमदारांचं नाव व्यायामशाळांच्या भिंतीवर असायला हवं होतं.

ज्ञानकोशाच्या नादानं मी तालमीच्या हौदाकडे नव्यानं पाहायला लागलो. हौदाची माती नुसती आणून ओतत नाहीत. तांबडी माती चाळतात, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालतात, मग रोज फावड्यानं उकरून ती भुसभुशीत करतात. आदल्या दिवशीची दबलेली माती दुसऱ्या दिवशी तशीच वापरणारा वस्ताद मी पाहिला नाही. जमीन हा खेळाचाच भाग आहे आणि ती रोज तयार करावी लागते, हे आपल्या तालमींना पक्कं ठाऊक होतं. राजर्षी शाहूंनी कोल्हापूरला १९१२ मध्ये खासबाग मैदान पुरं केलं, त्यातही सगळा जीव मधल्या मातीत आहे.

पण हौदाच्या मातीचं काम एकच: पडणाऱ्या अंगाला झेलायचं. ती चेंडू परत देत नाही, आणि तिनं द्यावा अशी अपेक्षाही नाही. बास्केटबॉलच्या जमिनीला मात्र दोन उलट्या मागण्या पुऱ्या कराव्या लागतात. ऐंशी किलोचा माणूस उडी मारून खाली आला तर तिनं दबायचं. सहाशे ग्रॅमचा चेंडू आपटला तर दबायचं नाही. युरोपात बंदिस्त मैदानांच्या जमिनीसाठी जे मानक आहे त्यात हे आकड्यांत बांधलेलं आहे. काँक्रीटवर चेंडू जितका उसळतो त्याच्या किमान ९० टक्के तो इथे उसळला पाहिजे, आणि आदळणाऱ्या पायाचा हिसका काँक्रीटच्या मानानं किमान २५ टक्के कमी झाला पाहिजे. चांगली लाकडी जमीन हिसका निम्म्यावर आणते.

हे काम फळी एकटी करत नाही. तळाशी काँक्रीटचा स्लॅब. त्यावर ओल अडवणारा प्लास्टिकचा जाड कागद. त्यावर ठरावीक अंतरानं रबराच्या गुट्ट्या. गुट्ट्यांवर प्लायचे दोन थर, एकमेकांना तिरपे, नाहीतर लाकडी पट्ट्यांची चौकट. आणि वर सुमारे वीस मिलिमीटर जाडीची, सहा सेंटीमीटरच्या आसपास रुंदीची फळी. प्रत्येक फळीच्या एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खोबण. खिळा जिभेत तिरपा मारतात, म्हणजे वर डोकं दिसत नाही. भिंतीला फळी कधीच टेकवत नाहीत. चारही बाजूंनी दोन-दोन इंच फट सोडतात आणि ती खालून हवा खेळेल अशा पट्टीनं झाकतात. पाहणाऱ्याला दिसते ती चकचकीत फळी, पण पैसे आणि अक्कल लागते ती खालच्या थरांत. नुसत्या फरशीवर फळी चिकटवून लाकडी कोर्ट म्हणून विकलेलं काम ही खेळणाऱ्याची फसवणूक आहे; तिथे हवा नाही आणि दबही नाही.

मग लाकूड कोणतं? इथे मोठा वाद आहे आणि त्यात मी एका बाजूचा आहे. जगभर उत्तर एकच मिळतं: मेपल. अमेरिकेत मेपलच्या फळ्या करणाऱ्यांची संघटना १८९७ पासून आहे. मेपल कठीण, बारीक रेषेचं, कुसळं न सुटणारं, फिकट रंगाचं. त्यावर चेंडू आणि आखलेल्या रेषा स्वच्छ दिसतात. कठीणपणात ते सागवानापेक्षा सरस आहे, हे मान्य. पण मेपलला हवा सांभाळून लागते. खोलीतली आर्द्रता वर्षभर ३५ ते ५० टक्क्यांत ठेवा, असं त्याचे उत्पादकच सांगतात. म्हणजे बारमाही वातानुकूलन.

लाकूड ओल पिऊन फुगतं आणि सुकून आक्रसतं, आणि हे होतं रुंदीत, लांबीत जवळजवळ नाही. लाकडातली ओल ४ टक्क्यांनी बदलली तर साध्या कापाच्या मेपलची फळी मीटरमागे १४ मिलिमीटर हलते. सागवान त्याच बदलाला साडेसात मिलिमीटरच्या आतच हलतं. पूर्ण कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. फळ्या लांबीच्या दिशेनं टाकल्या तर १५ मीटरच्या रुंदीत मेपलची एकूण हालचाल २१ सेंटीमीटर होते, सागवानाची ११. खिळे आणि सांधे त्यातला काही भाग दाबून धरतात, पण जोर तेवढाच राहतो. जागा मिळाली नाही की जमीन मधूनच उचलली जाते. बडोद्याला सागवान निवडणाऱ्यांनी हे आकडे मांडले असोत की नसोत, त्यांच्या सुतारांच्या हाताला ते ठाऊक असणार. सागवानाचीही खोड आहे. त्यात तेल असतं, त्यामुळे पॉलिश धरायला खळखळ करतं, आणि त्यातल्या वाळूसारख्या कणांनी रंध्याचं पातं लवकर बोथटतं. तरी वातानुकूलन न लावता मराठवाड्यात जमीन टिकवायची असेल तर मी डोळे मिटून सागवान म्हणेन.

सागवान महाग, ही हरकत लगेच येईल. तिचं उत्तर मला बॉस्टनमध्ये सापडलं. तिथल्या सेल्टिक्स संघाची नक्षीदार चौकटींची जमीन जगप्रसिद्ध आहे. ती १९४६ मध्ये अँथनी डिनटाले यांनी बांधली, आणि ती नक्षी हौसेची नव्हती. महायुद्धामुळे लांब फळ्यांचा दुष्काळ होता, म्हणून ओकचे उरलेसुरले आखूड तुकडे घेऊन पाच फूट गुणिले पाच फुटांच्या चौकटी केल्या, दिशा आलटून-पालटून. अशा २४७ चौकटी, बोल्टांनी जोडलेल्या. त्या उरलेल्या लाकडावर संघानं १९९९ पर्यंत सामने खेळले आणि जगज्जेतेपदांची रांग लावली.

आमच्याकडे उरलेलं लाकूड किती आहे! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं नेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदावरचं ओझं यांनी घात केला. त्यानंतर माळवद नको, हे लोकांच्या मनानं घेतलं, आणि ते चूक म्हणता येत नाही. जुने वाडे उतरत गेले, खांब-तुळया भंगाराच्या भावानं नाहीतर फर्निचरसाठी गेल्या. अशा तुळईचं लाकूड शंभर-शंभर वर्षं उन्हाळे-पावसाळे खाऊन मुरलेलं असतं. शिवाय तुळई जाड असते, त्यामुळे वलयं फळीच्या तोंडाशी उभी येतील असा काप तिच्यातून निवडून काढता येतो. अशा उभ्या वलयांची सागवानी फळी साध्या कापापेक्षा निम्म्याच्या थोडीच वर हलते. आत राहिलेला एखादा जुना खिळा करवतीचं पातं घालवतो, म्हणून कापण्याआधी प्रत्येक तुळई धातुशोधकाखालून काढायला हवी. आणि वाळवीनं आतून पोखरलेली तुळई ठोकून, आवाजावरून बाजूला करायला हवी. हे आमचे सुतार आजही करतात.

घरच्यासाठी पूर्ण कोर्ट कशाला? टोकियो ऑलिम्पिकपासून तीन-तीनचा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे. त्याचं कोर्ट १५ मीटर गुणिले ११ मीटर, एकच रिंग, जमिनीपासून ३.०५ मीटरवर. १६५ चौरस मीटरला वीस मिलिमीटरची फळी म्हणजे ३.३ घनमीटर, सुमारे ११७ घनफूट तयार लाकूड. कापातली घट धरून त्याच्या दीडपट घ्यावं. वर किमान सात मीटर मोकळी उंची ठेवावी आणि पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्यावा.

खाली नळदुर्गाची खरी अडचण आहे: काळी माती. ती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते आणि पावसात फुगते. तिच्यावर स्लॅब टाकला तर आधी स्लॅब तडकेल, मग लाकूड. ती खोदून काढायची, खडकापर्यंत नाहीतर पक्क्या मुरमापर्यंत जायचं, मुरूम थराथरानं दाबून भरायचा आणि सभोवती पाणी बाहेर नेणारी चर काढायची. पाणी अडवून खोली कोरडी ठेवायची विद्या या गावाला नवी नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, मीर इमादीन यांनी इथल्या किल्ल्यात बोरी नदीवर धरण बांधलं आणि धरणाच्या पोटातच पाणीमहाल बसवला. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन धबधब्यांनी पाणी धरणावरून कोसळतं आणि आतल्या महालात माणूस कोरडा उभा राहतो. १८५३ मध्ये नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार सांभाळायला आलेले मेडोज टेलर या किल्ल्यावर लुब्ध झाले. त्यांच्या आत्मचरित्रात नळदुर्ग ठळकपणे येतो. महालात उभं राहून मी दर वेळी वर पाहतो ते दगडांच्या सांध्यांकडे. चारशे पावसाळे झाले, त्या सांध्यांनी ओल आत येऊ दिली नाही. आपल्याला फक्त ११७ घनफूट सागवान कोरडं ठेवायचं आहे.

राहिला मुहूर्त. स्लॅब टाकल्यावर किमान दोन महिने त्यातलं पाणी जाऊ द्यावं. माझं मत विचाराल तर स्लॅबवर छप्पर चढवून एक अख्खा पावसाळा जाऊ द्यावा, म्हणजे ओल कुठून येते ते फळ्या टाकायच्या आधीच कळेल. फळ्या त्याच छपराखाली रचून ठेवाव्यात. आमच्या हवेत मे महिन्यात लाकडातली ओल सहा टक्क्यांच्या आसपास उतरते, श्रावणात चौदाच्या आसपास चढते. दिवाळीनंतर ती दहाजवळ असते, तेव्हाच खिळा मारावा. मग उभ्या वलयांच्या सागवानाची जमीन अकरा मीटरच्या रुंदीत पावसाळ्यात सुमारे साडेचार सेंटीमीटर फुगेल, आणि दोन भिंतींशी सोडलेल्या दोन-दोन इंचांच्या फटी ते सहज पोटात घेतील. उन्हाळ्यात ती तेवढीच आक्रसेल. पण अकरा मीटरमध्ये सहा सेंटीमीटरच्या फळ्यांचे सुमारे १८३ सांधे असतात, म्हणजे एका सांध्याच्या वाट्याला पाव मिलिमीटरची फट येते. चेंडूला ती कळत नाही.